भांडाराच्या किल्ल्या

देवस्थानाच्या भांडाराला एकाहून अधिक कुलुपे असावीत आणि त्यांच्या किल्ल्या निरनिराळ्या महाजनांकडे राहाव्यात, ही व्यवस्था आपल्या मंडळींना नवी नाही. तीत कोणाविषयी अविश्वास नसतो; देवाचे द्रव्य एकाच हाताच्या मोहावर सोडू नये, एवढाच तिचा अर्थ. राज्यघटनेतील सत्ताविभागणीचे तत्त्वही याहून निराळे नाही.

१९१९ साली आमच्या हैदराबादेत सातवे निझाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढून 'बाब-ए-हुकूमत' हे कार्यकारी मंडळ स्थापन केले व सर अली इमाम यांना त्याचे अध्यक्ष नेमले. खाती वाटली गेली; परंतु जे फर्मानाने मिळते, ते फर्मानाने परतही जाते. किल्ल्या अनेकांच्या हाती दिसल्या, तरी कुलुपाचा धनी एकच राहिला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जर्मनीच्या नव्या प्रजासत्ताकाची वायमारची घटना अमलात आली. तिचा मूळ आराखडा ह्यूगो प्रॉइस या विधिज्ञाचा. येथे सत्तेचा उगम प्रजेत होता. कायदे राइशस्टाग या लोकसभेने करावेत. चान्सलरने तिच्या विश्वासावर टिकावे. घटकराज्यांना स्वतंत्र सभागृह असावे व त्यात बलाढ्य प्रशियाची मते दोनपंचमांशांहून अधिक नसावीत. राष्ट्राध्यक्ष मात्र थेट जनतेने सात वर्षांसाठी निवडावयाचा. आणि अठ्ठेचाळिसाव्या कलमाने त्याला संकटकाळी वटहुकूम काढण्याचा व सात मूलभूत हक्क स्थगित करण्याचा अधिकार दिला. ते वटहुकूम रद्द करवण्याचा हक्क राइशस्टागला होता खरा. पण तिचे विसर्जन करण्याचा अधिकारही अध्यक्षालाच! १९३० साली सभेने वटहुकूम नाकारताच हिंडेनबुर्ग यांनी सभाच विसर्जित केली. २८ फेब्रुवारी १९३३ च्या वटहुकुमाने नागरिकांचे हक्क गेले. आणि महिन्याच्या आत राइशस्टागने आपली किल्ली स्वहस्ते हिटलरच्या मंत्रिमंडळाच्या स्वाधीन केली.

ऑगस्ट १९४९ मध्ये आपल्या संविधान सभेत आणीबाणीच्या तरतुदींची चर्चा चालू असता, मंगळुरात जन्मलेले हरी विष्णू कामत यांनी वायमारचाच दाखला देऊन सभेला सावध केले होते. तरतुदी तशाही संमत झाल्या. १९७५ च्या अनुभवानंतर, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही अबाधित ठेवला, आणि आणीबाणी संपुष्टात आणण्यास लोकसभेचे साधे बहुमत पुरेसे ठरवले. कामतांचा इशारा व्यर्थ नव्हता. त्याची किंमत कळण्यास मात्र आपल्याला जवळजवळ तीन दशके लागली.

भांडाराला आग लागली, तर सर्व महाजन जमेपर्यंत थांबता येत नाही. तेव्हा एक जादा किल्ली असावीच लागते. परंतु ती ज्याच्या हाती, त्यालाच हिशेब विचारणारी सभा उधळून लावता येत असेल, तर बाकीची कुलुपे केवळ शोभेची होत.