मोटरहोममधली लाइट गेली? बॅटरी बदलण्याआधी या क्रमाने तपासा

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केलं. त्यानंतर भाड्याच्या कॅरॅव्हॅन आणि घरच्या घरी बदल करून घेतलेल्या व्हॅन, दोन्हींची चर्चा वाढली. छत्रपती संभाजीनगरमधून अशी सहल सोपी आहे. वेरूळ साधारण ३० किलोमीटरवर आहे, पुढे खुलताबादहून म्हैसमाळ, आणि दुसऱ्या दिशेला फुलंब्री-सिल्लोडमार्गे सुमारे १०० किलोमीटरवर अजिंठा. पण रात्री मुक्कामी फ्रिज आणि पंखा बंद पडला की पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: बॅटरी गेली! अनेकदा बॅटरी ठीक असते आणि वीज वाटेत कुठेतरी अडलेली असते. ती कुठे अडली हे साध्या मल्टीमीटरने शोधता येतं.

मोटरहोममध्ये वीज कुठून येते?

बहुतेक मोटरहोममध्ये दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठी, दुसरी घरासाठी, म्हणजे दिवे, पंखा, फ्रिज आणि इन्व्हर्टरसाठी. त्यामुळे गाडी सुरू होते पण आत अंधार, असं होऊ शकतं. घराची बॅटरी तीन वाटांनी चार्ज होते: चालत्या इंजिनाचा अल्टरनेटर, छतावरचं सोलर आणि बाहेरून जोडलेली २३० व्होल्टची लाइट.

पहिली पायरी: व्होल्टेज मोजा

चार्जिंग आणि सगळी उपकरणं बंद करा. शक्य असेल तर दोन-तीन तास थांबा आणि बॅटरीच्या टोकांवर मोजा. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी ढोबळ आकडे असे:

- १२.६ ते १२.८: पूर्ण चार्ज
- १२.२ च्या आसपास: निम्मी
- ११.९ किंवा कमी: जवळपास रिकामी

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला हे आकडे लावू नका. तिचं व्होल्टेज बराच काळ १३ च्या आसपासच राहतं, त्यामुळे किती चार्ज उरलाय ते त्यावरून कळत नाही. तिच्यासाठी मॉनिटर किंवा ॲप पाहा. मीटरवर अचानक शून्याजवळचा आकडा दिसला, तर आतल्या बीएमएस या सुरक्षा सर्किटने बॅटरी तोडलेली असू शकते. योग्य चार्जर जोडल्यावर ती अनेकदा परत सुरू होते.

दुसरी पायरी: लोड देऊन दोन ठिकाणी मोजा

इन्व्हर्टरवर एखादं मोठं उपकरण लावा. आधी बॅटरीच्या टोकांवर मोजा, मग इन्व्हर्टरच्या डीसी टोकांवर.

बॅटरीवर १२.३ आणि इन्व्हर्टरवर ११.२ दिसलं, तर दोष बॅटरीत नसून मधल्या वाटेत आहे: सैल टर्मिनल, पांढरा-हिरवा थर, बारीक वायर किंवा तापलेला फ्यूज होल्डर. सगळं बंद करून टर्मिनल साफ करा आणि पान्याने नीट आवळा. बॅटरीच्याच टोकांवर व्होल्टेज झपकन १०.५ च्या खाली आलं आणि ती पूर्ण चार्ज होती, तर मात्र बॅटरी थकलेली आहे.

चार्जच होत नसेल तर?

*इंजिन:* इंजिन चालू असताना घराच्या बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. इंजिनाच्या बॅटरीवर १४ आणि घराच्या बॅटरीवर १२.३ असेल, तर मधला रिले, फ्यूज किंवा डीसी-डीसी चार्जर तपासा. अलीकडच्या अनेक गाड्यांत अल्टरनेटर स्वतःहून व्होल्टेज कमी करतो. तिथे साधा रिले पुरत नाही, डीसी-डीसी चार्जर लागतो.

*सोलर:* धूळ पुसा आणि सावली पाहा. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडलेली फांदीची सावलीसुद्धा उत्पादन बरंच कमी करते. एप्रिल-मेमध्ये गाडी लिंबाखाली लावली की आत गारवा मिळतो, पण चार्जिंग जातं.

*उष्णता:* उन्हात बंद गाडीतली लिथियम बॅटरी फार तापली, तर बीएमएस चार्जिंग थांबवतो. ही मर्यादा बॅटरीनुसार साधारण ४५ ते ६० अंशांच्या दरम्यान असते. दारं-खिडक्या उघडून ती थंड होऊ द्या.

सगळं ठीक, तरी रात्रीत संपते?

मग हिशोब करा. १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे १,२०० वॉट-अवर. तिचं आयुष्य टिकवायचं तर त्यातले निम्मे, म्हणजे ६०० वापरावेत.

- ३० वॉटचा पंखा, ८ तास: २४०
- छोटा फ्रिज, सरासरी २५ वॉट, १२ तास: ३००
- दिवे, १० वॉट, ४ तास: ४०
- दोन फोन: ३०

एकूण ६१०. म्हणजे एका रात्रीत कोटा संपला. १,५०० वॉटची इंडक्शन शेगडी तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास १४० अँपिअर खेचते. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी अर्धा-एक अँपिअर खातो, म्हणून झोपताना गरज नसेल तर तो बंद करा.

बाहेरची लाइट जोडताना

हॉटेल किंवा ढाब्यावरच्या सॉकेटला जोडण्याआधी मीटर एसीवर ठेवून मोजा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे सुमारे २३० हवेत, न्यूट्रल-अर्थ शून्याजवळ. फेज-अर्थ खूपच कमी आलं, तर अर्थिंग नाही असं समजा आणि जोडू नका. गाडी रबरी टायरवर उभी असते. आत कुठे गळती झाली तर पत्र्यात करंट राहतो आणि खाली जमिनीवर उभा राहून दार धरणाऱ्याला शॉक बसतो.

एसी किंवा गिझरसाठी १५ अँपिअरचा पॉवर पॉइंटच वापरा. गुंडाळलेली एक्स्टेन्शन केबल पूर्ण उलगडा, नाहीतर ती तापते.

हे कधीच करू नका

- उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज किंवा तार. फ्यूज वायरला वाचवतो. तो उडायचा थांबला तर वायर पेटते.
- वारंवार पडणारी आरसीसीबी बायपास करणं. ती तुमच्या जिवासाठी पडते.
- बंद गाडीत किंवा खिडकीला लागून जनरेटर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत ते कळत नाही.
- फुगलेली किंवा सडक्या अंड्यासारखा वास येणारी बॅटरी चार्ज करणं. चार्जिंग थांबवा, ठिणगी टाळा, गाडीबाहेर या.

२३० व्होल्टच्या बाजूचं कोणतंही काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. गाडीत मल्टीमीटर, त्याच रेटिंगचे जादा फ्यूज, पाना आणि टॉर्च ठेवा. फोन करताना तीन आकडे सांगा: लोड नसताना बॅटरीचं व्होल्टेज, लोडवरचं आणि इंजिन चालू असतानाचं. नवी बॅटरी खरंच लागणार का, याचा अंदाज त्या आकड्यांवरून फोनवरच येऊ शकतो.