हंगामी कामाचा विटाळ कशाला?

उन्हाळी शिबिरात किंवा एखाद्या रिसॉर्टवर चार महिन्यांच्या कामासाठी परदेशी जायचं, असा विषय खान्देशातल्या सुशिक्षित घरात निघाला की निकाल ठरलेलाच असतो. ‘इतलं शिकीसन भांडा घासाले जास का?’ वाक्य चटकदार आहे. निकाल मात्र चुकीचा आहे. त्याहून वाईट म्हणजे, या वाक्याच्या आड खरा धोका दडून राहतो.

आधी पूर्वपक्ष, आणि तो त्याच्या पूर्ण बळानिशी. विरोध करणारी मंडळी अडाणी नाहीत, दुष्ट तर मुळीच नाहीत. ज्या बापाने जिनिंगमध्ये गाठी उचलून पोराला अभियंता केलं, त्याने ‘पुन्हा अंगमेहनतच का?’ असं विचारलं तर त्याचं काय चुकलं? त्यांचे आक्षेप असे: काम हलकं आहे. हंगामी काम ही नोकरीच नव्हे, त्यातून पुढे काही उभं राहत नाही. एजंट लुबाडतात. मुलं परत येत नाहीत. आणि आपलं कॉलेज सुरू होतं तेव्हा तिकडचा हंगाम भरात असतो.

काम हलकं, हा पहिला आक्षेप. तो निदान अमळनेरच्या परिसरात तरी कोणी घेऊ नये. प्रताप हायस्कुलाच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडणारे, त्यांचे कपडे धुणारे शिक्षक साने गुरुजी होते. त्यांची पुण्यतिथी पाळायची आणि तेच काम मुलाने पगार घेऊन केलं तर खाली मान घालायची, हे कुठल्या तर्कात बसतं? जयप्रकाश नारायणांनी १९२०च्या दशकात अमेरिकेत शिकताना द्राक्षमळ्यात राबून आणि हॉटेलात भांडी घासून पैसे उभे केले. खान्देशातल्या आपल्या विद्यापीठाला २०१८ साली आपण नाव दिलं ते शेतात आणि चुलीपुढे राबलेल्या बहिणाबाईंचं. नाव फक्त फलकापुरतं होतं का?

शिवाय ‘भांडी घासणं’ म्हणजे तिथे नेमकं काय, हे तरी पाहावं. शे-दोनशे मुलांच्या शिबिरात ताट आधी फवाऱ्याखाली धरायचं, जाळीच्या चौकटीत उभं लावायचं आणि चौकट यंत्रात सरकवायची. गरम पाण्याने निर्जंतुक करणाऱ्या बहुतेक यंत्रांत शेवटच्या धुण्याचं पाणी ८२ अंश सेल्सियसच्या खाली जाऊन चालत नाही, म्हणून तापमान पाहून टिपून ठेवायचं. ज्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याचं जेवण वेगळ्या फळीवर, वेगळ्या सुरीने. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय ज्या प्रदेशात भाजी उतरत नाही, तिथल्या मुलाने हे शिकणं क्षुल्लक म्हणायचं? मोठं स्वयंपाकघर शिस्तीवर चालतं. ती शिस्त पुस्तकातून येत नाही.

आता हंगाम. हंगामी कामाला खान्देशाने नाक मुरडावं यासारखा विनोद नाही. जिनिंग कापसाच्या हंगामात चालते. रावेर-यावलच्या केळीबागांत कापणीच्या टोळ्या फिरतात. लग्नसराईत आचारी आणि वाढपी गावोगाव जातात. साक्री-शिरपूरकडची आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. दादर ज्वारीची पेरणी हंगामी, कापसाचा भाव हंगामी, व्यापाऱ्याची तेजी हंगामी. म्हणजे आक्षेप हंगामावर नाही. आपल्या जातीच्या, आपल्या ऐपतीच्या पोराने ते काम करावं का, यावर तो आहे. हे स्पष्ट बोललं जात नाही, म्हणून मी बोलतो.

हंगाम बेभरवशाचा, हे मात्र मान्य. २०२०च्या जूनमध्ये अमेरिकेने एका आदेशाने अशा हंगामी कामाचे व्हिसा वर्षअखेरपर्यंत थांबवले आणि अनेकांचे बेत कोसळले. पण कापूस भरवशाचा आहे का?

तिसरा आक्षेप एजंटाचा. इथे पूर्वपक्षाचं बोट बरोबर जागी आहे, फक्त निदान चुकलं आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या खान्देशी ऊसतोड्यांवर १९७०च्या दशकात लिहिलं. त्यातलं मर्म असं की मजुराला बांधून ठेवते ती उचल. मुकादमाकडून आधी पैसे घेतले की हंगामभर हिशेब मजुराच्या हाती राहत नाही. परदेशी जाणारा विद्यार्थी आधी पैसे घेत नाही, भरतो. परिणाम तोच. कर्ज काढून गेलेला मुलगा वाईट मालकापुढे तोंड उघडत नाही, कारण घरी व्याज चालू असतं.

हे कल्पनेतलं नाही. २०११च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या पामायरा इथे हर्शीच्या चॉकलेटच्या गोदामात अनेक देशांतल्या शेकडो विद्यार्थ्यांनी काम बंद केलं. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर येण्यासाठी त्यांनी हजारो डॉलर भरले होते. वाट्याला आली जड खोकी, रात्रपाळी आणि पगारातून घरभाड्याची कपात. त्यांनी आवाज उठवला आणि २०१२ साली नियम बदलले. कारखाने आणि गोदामांतली कामं या व्हिसा-योजनेतून गेली. भारतासारख्या देशातल्या विद्यार्थ्याला नोकरी आधी पक्की झाल्याशिवाय ‘डीएस-२०१९’ हा व्हिसासाठी लागणारा कागद मिळत नाही. कॅम्प कौन्सेलर म्हणून नेऊन भांड्यांना किंवा झाडलोटीला जुंपणं नियमाने मना आहे. शिबिराच्या स्वयंपाकघरातलं काम ‘समर वर्क ट्रॅव्हल’ या वेगळ्या वर्गात येतं आणि त्याची मुदत जास्तीत जास्त चार महिने. म्हणजे फसवणूक होते ती कामात नाही, कागदात. आणि कागद वाचायचा सल्ला देण्याऐवजी आपण पोराला लाज वाटायला लावतो! लाजलेला मुलगा मग घरी न सांगता एजंटाकडे जातो. त्याचा करार वाचायला कोणी मोठं माणूस उरत नाही.

‘मुलं परत येत नाहीत’ याला दोन वाक्यं पुरेत. परत येणार हे अर्जदाराला पटवून देता आलं नाही, तर अमेरिकी कायद्याच्या २१४(ब) कलमाखाली व्हिसा मुलाखतीतच नाकारला जातो. आणि न परतण्याचीच भीती असेल, तर सुरतेच्या उधना-लिंबायतात कायमच्या वसलेल्या खान्देशाबद्दल आपण अभिमानाने का बोलतो?

उरला वेळापत्रकाचा मुद्दा. तो पूर्वपक्षाने जिंकला, असं मी खुल्या मनाने लिहितो. अमेरिकी शिबिरांचा हंगाम जून ते ऑगस्ट. आपलं नवं वर्ष त्याच काळात सुरू होतं. वर्ग बुडवून जाऊ नये. शिक्षण संपलेल्यांसाठी दुसरी वाट आहे: ऑस्ट्रेलियाने २०२४पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांना ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाच्या वर्षाला १,००० जागा ठेवल्या आहेत. निवड सोडतीने होते. त्यात एजंटाची ‘सेटिंग’ चालत नाही. जो तसं सांगतो तो खोटं बोलतो.

दोन्ही बाजू मांडल्या. न्याय वाचकाने करावा. पालकांना विनंती एवढीच: पोराला अडवण्याआधी त्याच्या शेजारी बसून एजंटाला तीन प्रश्न विचारा. मालकाचं नाव, कामाचे तास आणि पगार लिहून दिलेलं पत्र कुठे आहे? अमेरिकेचं काम असेल तर प्रायोजक संस्थेचं नाव तिथल्या परराष्ट्र खात्याच्या यादीत आहे का? काम मधेच सुटलं तर परतीच्या तिकिटाचे पैसे कोणाचे? तिन्हींची उत्तरं कागदावर मिळेपर्यंत शेत गहाण टाकू नका आणि एक रुपयाही देऊ नका.