कुंडापर्यंतच्या पायऱ्या

थंडी पडू लागली की मुंबई-ठाण्याच्या माणसाला वज्रेश्वरी आठवते. देवीचे दर्शन घ्यायचे, तिथून जवळच अकलोलीला जायचे, तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या कुंडात अंग शेकायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे. आपल्याकडे बर्फ नाही, तेव्हा बर्फावरचे खेळही नाहीत. भिवंडी तालुक्यातल्या या गावची हिवाळी मौज म्हणजे कोवळे ऊन, नदी आणि कढत पाणी. ही मौज अपंग माणसाच्या वाट्याला किती येते, हे आज मला सांगायचे आहे.

देवीने मारलेल्या राक्षसांचे रक्त म्हणजे हे पाणी, अशी इथली लोककथा. भूगर्भशास्त्र सांगते ते साधे आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांतून वर येते. ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंत अशा झऱ्यांची ओळच आहे. गणेशपुरी, अकलोली, दापोलीचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे ही त्यातली ओळखीची नावे.

वज्रेश्वरीच्या मंदिरामागे इतिहास आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, १७३९ साली किल्ला सर झाला आणि नवस फेडण्यासाठी हे मंदिर उभे राहिले, असे सांगतात. बांधणी किल्ल्यासारखी, चढायला बावन्न पायऱ्या. आपली देवळे, घाट, कुंडे सारी अशीच. वर जायचे तरी पायऱ्या, पाण्यात उतरायचे तरी पायऱ्या. धडधाकट माणसाच्या ते लक्षातही येत नाही.

माझ्या लक्षात आले, कारण माझा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला. पोलिओचा पाय हिवाळ्यात बर्फासारखा गार पडतो. अकलोलीच्या पाण्यात तो पहिल्यांदा उबदार झाला, तो आनंद मला आजही आठवतो. पण मामांनी मला पाठुंगळी घेऊन उतरवले होते. सहा वर्षांच्या मुलाला त्याचे काही वाटत नाही. सोळाव्या वर्षी वाटू लागते. मग मी 'मला पाण्याची आवड नाही' असे सांगून काठावर कपडे सांभाळत बसू लागलो. प्रत्येक सहलीत कपडे सांभाळणारा असा एखादा असतोच.

अशा माणसासाठी गरम झरा खुला झाल्याचे एक उदाहरण अमेरिकेत आहे. फ्रँकलिन रुझवेल्ट यांचे पाय १९२१ साली लुळे पडले. त्या वेळी पोलिओचेच निदान झाले होते. १९२४ मध्ये ते जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज या गावी गेले. तिथल्या पाण्याने ते बरे झाले नाहीत. पण छातीभर पाण्यात शरीराचा भार हलका होतो. जमिनीवर न उचलणारा पाय तिथे हलतो. त्यांनी १९२६ मध्ये ती जागाच विकत घेतली आणि १९२७ मध्ये तिथे पोलिओग्रस्तांसाठी संस्था काढली. तिथेही दार सर्वांना उघडे नव्हते. कृष्णवर्णीय रुग्णांना प्रवेश नव्हता. त्यांच्यासाठी १९४१ साली टस्कगीला वेगळे केंद्र निघाले. १९२७ हेच आपल्या महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे वर्ष. तिथे आड आली ती जात, इथे आड येते ती पायरी. दोन्हींची तुलना मी करत नाही. पण पाणी सर्वांचे म्हणायचे, तर पोहोचण्याची वाटही सर्वांची हवी, एवढे त्यातून कळते.

वाट मिळाली तर काय घडते? सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकले. सर्वांनी पदके जिंकावीत असे नाही. एका रविवारी पाण्यात डुंबता यावे, एवढेही पुष्कळ आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांना किंवा कुष्ठरोगाने हातापायांची संवेदना गेलेल्यांना चटका कळत नाही. कातडी भाजते आणि पत्ता लागत नाही. अशांनी डॉक्टरांना विचारावे आणि दुसऱ्याने पाणी तपासल्याशिवाय उतरू नये. प्रत्येक कुंडावर पाण्याचे तापमान लिहिलेली पाटी असेल, तर हे काम सोपे होईल.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९९५ च्या कायद्यात सोयी करायच्या होत्या त्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, म्हणजे पळवाट ठेवून. २०१६ च्या कायद्याने धार्मिक आणि करमणुकीच्या वास्तूही सार्वजनिक इमारतींत धरल्या. नियम २०१७ च्या जूनमध्ये आले आणि जुन्या इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये संपली.

हिशेब करून पाहा. उताराचे माप एकास बारा. पायरी सहा इंचांची धरली, तर बावन्न पायऱ्यांना ३१२ फुटांचा उतार लागेल. जुन्या देवळाला ते अवघड आहे, मान्य. पण कुंडाच्या पाच-सहा पायऱ्यांना छत्तीस फूट पुरतात. त्यात एक भक्कम कठडा आणि पाण्यात बसायला एक ओटा घाला. हे काम ग्रामपंचायत, देवस्थान आणि एखादा गवंडी मिळून एका हिवाळ्यात उरकू शकतात. तोवर आपण एवढे करू: सहलीला निघताना काठावर बसणाऱ्याला 'येतोस का?' विचारण्याऐवजी 'कसा उतरशील?' असे विचारू.