किती पोट्टे, हे कोणी ठरवायचं?

शिकलेली पोरं हल्ली इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. त्यात सरकारच ठरवतं, लग्न कोणी करायचं, लेकरं किती होऊ द्यायची. वाचून पोरांच्या अंगावर काटा येतो. गड्यांनो, एवढ्या दूर काहून जाता? असला कायदा १९७६ साली आपल्याच विधिमंडळानं मंजूर केला होता.

पण गोष्ट त्याच्या आधीपासून सांगावी लागते, नाहीतर आपलेच लोक म्हणतील, संततिनियमन म्हणजे सरकारी सुरी. तसं नाही. १९३४ साली र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई इलाख्याच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी ठराव आणला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं. मागणी साधी. सरकारनं संततिनियमनाचा प्रचार करावा, साधनं पुरवावी. त्यात बाळंतपणात मरणाऱ्या बाईचा विचार होता, नको असलेलं गर्भारपण नाकारायचा तिचा हक्क होता. मतं पडली ११. विरोधात ५२. ठराव आपटला. गरीब बाई मागत होती तेव्हा सभागृहाला धर्म आठवला, नीती आठवली.

अडतीस वर्षांनी त्याच मुंबईत हात वर झाले. आणीबाणी होती, शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. तिसरं मूल झालं की १८० दिवसांत नवराबायकोपैकी एकाची नसबंदी, नाहीतर दोन वर्षांपर्यंत कैद. तिन्ही मुलं एकाच लिंगाची असली तर चौथ्याची सूट. ही सूट कोणासाठी ठेवली, हे तीन पोरींच्या मायला विचारा. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून कायदा अमलात आला नाही.

पण कायद्यासाठी थांबलं कोण? जानेवारी १९७६ मध्येच बार्शीत बाजाराला आलेल्या खेडुतांना ट्रकांत कोंबून नेलं होतं. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांच्या मानेवर कोटा. माणसाला नाव उरलं नाही, माणूस म्हणजे ‘केस’. मास्तरनं केस आणली, साहेबानं केस मोजली. १९७६-७७ या एका वर्षात राज्याला लक्ष्य होतं साडेपाच लाखांच्या वर, ऑपरेशनं झाली आठ लाखांच्या वर. देशभरात ८१ लाख. शहा आयोगाकडे १,७७४ मरणांच्या तक्रारी गेल्या. लग्नच न झालेल्यांना कापल्याच्या ५४८.

कोटा वरून खाली येतो. खाली येता येता तो ज्याच्यापाशी जमीन नाही, ओळख नाही, चिठ्ठी नाही, त्याच्या दारात थांबतो. मालगुजाराच्या वाड्यावर केस शोधायला कोणता तलाठी जाईल? भूमिहीन शेतमजूर, फुटपाथवरचा हमाल हाच सापडणार. आपला गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता, वेगळा जिल्हा १ मे १९९९ चा. इथल्या धानाच्या बांधीतही रोवण्याला वाकणारे कोणत्या टोळीतले, हे सांगायची गरज नाही.

आता नदीपलीकडे बघा. बालाघाट आपल्याला लागूनच. तिथल्या बैगांसाठी १९७९ साली मध्य प्रदेश सरकारनं उलटंच फर्मान काढलं. ही जमात संपत चालली, हिची नसबंदी करू नका. म्हणजे इकडं जबरदस्तीनं कापा, तिकडं बाई हात जोडून म्हणाली, बापा, आता पुरे, तरी कापू नका. पुढं तेच फर्मान छत्तीसगडात चालू राहिलं. तिथल्या बैगांना २०१७ साली हायकोर्टाची पायरी चढावी लागली, कशासाठी, तर आपल्या अंगावर आपला हक्क मागायला.

सुरी गेली, मोजणी राहिली. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही, असा नियम आला. २००५ पासून सरकारी नोकरीलाही लहान कुटुंबाची अट लागली. लोकसंख्या आटोक्यात राहावी हे मलाही पटतं. पण गावात राखीव जागा आपल्या बाईसाठी निघते, आणि ती अर्ज भरायला जाते तेव्हा पहिला प्रश्न पोट्ट्यांचा. तिसरं पोट्टं सासूच्या हट्टानं झालं, की नवऱ्याच्या दारूनं, की तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नव्हता म्हणून, याला त्या अर्जात रकाना नाही. नाव मात्र तिचंच कटते.