दुष्काळी छावण्या आणि पंडिता रमाबाई

पांढुर्णा आणि सौंसर हे आज 2023 साली झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याचे तालुके. तुमच्या पणजोबांच्या काळी हा मुलूख मध्य प्रांतातील छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. त्या मध्य प्रांतावर 1896-97 साली मोठा दुष्काळ कोसळला. गाव सोडून निघालेल्यांसाठी सरकारने दुष्काळी कामे काढली, गरीबखाने उघडले. मजुरीचे दर, अन्नाची मापे, मृत्यूंचे आकडे यांची नोंद सरकारने ठेवली. पण त्या छावण्यांत बायकामुलींवर काय गुदरत होते, हे जाणायचे तर पंडिता रमाबाईंचे लेखन वाचावे लागते.

रमाबाईंना दुष्काळ ऐकून ठाऊक नव्हता. त्यांचे आईवडील दुष्काळातच गेले होते. पुण्याहून त्या मध्य प्रांतात आल्या आणि छावण्या, गरीबखाने हिंडल्या. पोटासाठी अब्रू विकावी लागणाऱ्या मुली, त्यांना फूस लावून नेण्यासाठी टपलेली माणसे, असे चित्र त्यांनी मांडले. जिथे आसरा मिळायचा, तिथेच धोका होता.

त्यांनी सुमारे 300 मुली व विधवा सोबत नेल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे त्यांना शहरात ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या शेतजमिनीवर सोय केली. तेच पुढचे ‘मुक्ती’ सदन. रमाबाईंच्या धर्मप्रसारावरून पुण्यात मोठा वाद झाला होता, आणि तो वाद आजही संपलेला नाही. तरी एक गोष्ट नाकारता येत नाही: केडगावचा कारभार बायकांच्याच हाती होता. राखणदार कोण, हा प्रश्न त्यांनी भाकरीइतकाच महत्त्वाचा मानला.

त्याच वर्षी पुण्याच्या प्लेग इस्पितळात व विलग छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात जाहीर तक्रार केली. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. सरकारने आरोप फेटाळले. तक्रार करणारी बाई कितीही नामांकित असो, तिच्या शब्दाला वजन मिळणे किती अवघड होते, हे यावरून दिसते.

2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात मदत छावण्यांतील निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार व स्वच्छतेचे किमान निकष आणि विधवा व अनाथांसाठी खास तरतूद सांगितली आहे. पण कायद्याचे कलम रात्री पहारा देत नाही. उद्या जाम किंवा कन्हान नदीला पूर आला आणि तुमच्या गावची शाळा निवाऱ्यासाठी उघडली, तर तांदूळ किती आला एवढेच विचारू नका. बायकांची खोली वेगळी आहे का, तिला आतून कडी आहे का, संडासाच्या वाटेवर दिवा आहे का, पहाऱ्याला बाई आहे का आणि मुलीने तक्रार केली तर ती कोण लिहून घेणार, हेही विचारा. हे प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रांतात एका बाईला पडले होते.