अनेक यंत्रांचे काम एका यंत्रात

इतर संगणकांना माहिती पुरविणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात. १९९० नंतर छोटे संगणक स्वस्त होत गेले, तशी प्रत्येक कामाला स्वतंत्र सर्व्हर घेण्याची पद्धत कंपन्यांत रूढ झाली. एक बिघडला तरी दुसऱ्याचे काम अडत नसे, हे खरे. पण बहुतेकांची शक्ती वायाच जाई आणि वीज मात्र रात्रंदिवस जळे.

वास्तविक काटकसरीची युक्ती जुनीच होती. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या संशोधकांनी १९६७ च्या सुमारास एका मोठ्या संगणकात अनेक आभासी संगणक चालवून दाखविले होते. प्रत्येकाला वाटे, सारे यंत्र आपलेच! १९७२ मध्ये त्यातूनच व्हीएम/३७० ही प्रणाली आली. यंत्रे स्वस्त झाल्यावर मात्र तिची आठवण फारशी कोणाला राहिली नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने तीच युक्ती छोट्या संगणकांवर आणली. त्यांचे प्रोसेसर यासाठी घडविलेले नसल्याने हे काम सोपे नव्हते.

पुढे २००७ मध्ये आयबीएमने स्वतःचे सुमारे ३,९०० सर्व्हर ३० मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकांवर, हलविण्याचे जाहीर केले. विद्यार्थ्यांनी भागाकार करून पाहावा : एकेका यंत्रावर १३० सर्व्हरांचा भार! असे यंत्र बंद पडले तर तितकी कामे एकदम थांबणार. म्हणून जोडीला दुसरे यंत्र सज्ज ठेवावे लागते आणि बचतीतला काही पैसा तेथे खर्ची पडतो.