पलीकडच्या टोकाला कोण आहे?

एडिंबराचे डॉक्टर विल्यम कलेन अठराव्या शतकात पत्राने औषध सांगत. रोगी स्वतः लिहायचा, नाहीतर गावातला औषधविक्या नाडी, जीभ, शौच यांचा तपशील कळवायचा. कलेन उलटटपाली औषध आणि पथ्य लिहून धाडायचे. आपल्या उत्तरांच्या नकला ते जपून ठेवत आणि पुढे त्यासाठी त्यांनी जेम्स वॉटचं नक्कल काढायचं यंत्रही घेतलं. त्यांची हजारो पत्रं आजही शाबूत आहेत. रोग्याला न बघता उपचार करण्यात त्या काळी कुणाला फारसं वावगं वाटत नव्हतं.

टेलिमेडिसिनचा इतिहास सांगताना सहसा यंत्रांची वंशावळ सांगतात: तार, टेलिफोन, रेडिओ, उपग्रह, मोबाइल. ती खरीच आहे, पण त्या वंशावळीत पत्र लिहून देणाऱ्या औषधविक्याचं नाव कुठेच येत नाही. डॉक्टर लांब असला की रोग्याजवळ कुणीतरी लागतंच, आणि उपचाराचं बरंवाईट बहुतेक वेळा त्याच माणसाच्या हाती असतं.

याचा सगळ्यात थरारक दाखला १९१७ सालचा आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हॉल्स क्रीक या आडगावी जिमी डार्सी नावाचा गुराखी जबर जखमी होऊन आला. आसपास डॉक्टर मिळेना. गावात प्रथमोपचार शिकलेला माणूस एकच, पोस्टमास्तर टकेट. त्याने अडीच-तीन हजार किलोमीटरवरच्या पर्थमध्ये डॉक्टर हॉलंडना तार केली. या हॉलंडनीच कधीकाळी त्याला प्रथमोपचार शिकवले होते. मूत्राशय फाटलंय, ताबडतोब ऑपरेशन कर, असं उत्तर आलं. भूल द्यायला काही नव्हतं, हत्यार म्हणून खिशातला चाकू. मोर्सच्या कट्ट-कडकट्टमधून एकेक सूचना येत गेली आणि पोस्टमास्तराने ऑपरेशन केलं. हॉलंड स्वतः गुरांच्या बोटीने, मग मोटारीने, शेवटी मिळेल त्या साधनाने हॉल्स क्रीकला पोचले. डार्सी आदल्याच दिवशी गेला होता. ऑपरेशन मात्र नीट झालं होतं; मरण आलं ते दुसऱ्याच दुखण्यांनी.

ही बातमी देशभर गाजली. रेव्हरंड जॉन फ्लिन यांच्या डोक्यात आडरानातल्या लोकांसाठी आरोग्यसेवेचा विचार घोळत होताच. १९२८ साली क्लोनकरी इथून त्यांची विमानातून डॉक्टर नेणारी सेवा सुरू झाली. पण डॉक्टरला बोलवायचं कसं? वीज नाही, तारेचे खांब नाहीत. ॲडलेडच्या आल्फ्रेड ट्रेगर यांनी १९२९च्या सुमारास पायाने पेडल मारून चालणारा रेडिओ बनवला. तो चालवायचा कुणी, तर गुरांच्या ठाण्यांवरच्या बायकांनी, आणि त्यांना मोर्स येत नव्हतं. मग ट्रेगरने टंकलेखन यंत्रासारखा कळफलक जोडला: अक्षर दाबलं की मोर्सचा संकेत आपोआप जाई. यंत्र वापरणारी बाई कोण आहे, हे बघून यंत्र बदलणारा हा कारागीर मला फार मोठा वाटतो. आपल्याकडे उलट चाल असते, आधी सॉफ्टवेअर येतं आणि मग नर्सचं ट्रेनिंग.

तरी खरी हुशारी पुढेच आहे. १९४२पासून तिथल्या ठाण्यांवर औषधांची एकसारखी पेटी ठेवायला सुरुवात झाली. पेटीतल्या प्रत्येक औषधाला नंबर. पुढे जोडीला माणसाच्या शरीराचं चित्रही आलं, त्यावरही आकडे. कुठे दुखतंय ते बाई आकड्याने सांगायची, डॉक्टर रेडिओवरून अमुक नंबरच्या दोन गोळ्या द्या म्हणायचा, आणि ती गोळी तिथे हजर असायची. नुसता सल्ला पोचवून काय उपयोग? सल्ल्याबरोबर औषधही हाताशी असलं, तेव्हा ती प्राथमिक आरोग्यसेवा झाली.

अमेरिकेने याच कामाला टीव्ही जोडला. १९६८ साली बॉस्टनच्या विमानतळावरचा दवाखाना मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलला जोडला गेला. दवाखान्यात चोवीस तास असायच्या त्या नर्सच. सत्तरच्या दशकात नासाने ॲरिझोनातल्या पापागो आदिवासींसाठी फिरती गाडी काढली. तीतही डॉक्टर नव्हे, डॉक्टरचा प्रशिक्षित सहायक बसे.

भारतात हे आलं ते २०००च्या आसपास, आणि आलं ते मोठ्या इस्पितळांच्या वाटेने. आंध्रमधल्या अरागोंडा गावचं केंद्र अपोलोने सुरू केलं, बिल क्लिंटन यांनी त्याचं उद्घाटन केलं. पाठोपाठ इस्रोने अंदमान, चामराजनगर अशा ठिकाणची इस्पितळं उपग्रहाने मोठ्या शहरांना जोडली. कामं चांगली होती, पण ती इस्पितळाकडून इस्पितळाकडे जाणारी. गावातल्या आरोग्य उपकेंद्रापर्यंत उपग्रह उतरला नाही.

मग २०१८ साली कोकणातल्या एका खटल्याने सगळ्यांना जागं केलं. फोनवरून सांगितलेल्या औषधांनंतर बाळंतिणीचा मृत्यू झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. फोनवर औषध सांगायचं की नाही, या धास्तीने डॉक्टर गांगरले. चर्चा सगळी फोनबद्दलच झाली. त्या वेळी इस्पितळात दुसरा डॉक्टरच हजर नव्हता, हा न्यायालयाचा मुद्दा मात्र मागे पडला.

नियम आले ते कोरोनाबरोबर. २५ मार्च २०२०, टाळेबंदीचा पहिला दिवस. त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. कोणतं औषध फोनवर चालेल, कोणतं व्हिडिओवर बघूनच द्यायचं, कोणतं मुळीच नाही, याच्या याद्या ठरल्या. ई-संजीवनी ही सरकारची टेलिमेडिसिन सेवा त्याआधी काही महिने, २०१९च्या नोव्हेंबरात सुरू झाली होती. फेब्रुवारी २०२३पर्यंत तिच्यावर १० कोटी सल्ले झाले.

हा आकडा भारी आहे, पण तो कसा भरतो ते उपकेंद्रात बघावं. बाई येते, समुदाय आरोग्य अधिकारी तिचं बीपी आणि साखर बघतो, नोंद करतो, टॅबवर डॉक्टर जोडून देतो, तिच्या बोलीतली तक्रार डॉक्टरला कळेल अशी सांगतो आणि चिठ्ठी आली की औषध काढून देतो. महाराष्ट्रात हे काम बीएएमएस झालेले किंवा नर्सिंग शिकलेले तरुण सहा महिन्यांचा कोर्स करून, बहुधा कंत्राटावर करतात. टकेटचे वारसदार हेच. नेटवर्क गेलं तर ते फोन करून निभावतात. ते स्वतः नसले, तर नेटवर्क असूनही काही होत नाही.

नंबरवाल्या पेटीचा वारसाही कागदावर आहे: उपकेंद्रासाठी शंभराहून जास्त औषधं आणि १४ तपासण्या ठरलेल्या आहेत. ग्रामसभेत उपकेंद्राचा विषय निघाला की टॅब आला का, एवढंच विचारून थांबू नका. त्या औषधांपैकी आज कपाटात किती आहेत आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची जागा भरलेली आहे का, हेही विचारा, आणि उत्तर लेखी मागा.